निळ्या देवमाशाला श्वास घेऊ द्या

मार्चमध्ये मी आणि धाकटा भाऊ नागपूरहून श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील मिरिसा येथे निळा देवमासा पाहण्यासाठी गेलो होतो. परतल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "दिसला का?" पेंच किंवा ताडोब्याहून आलेल्या माणसालाही आपण हेच विचारतो आणि त्या प्रश्नाबद्दलच मला लिहायचे आहे.

बोट सकाळी साडेसहाला निघाली. तेथे समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, अरुंद असल्यामुळे खोल पाणी किनाऱ्याजवळच लागते आणि म्हणूनच एवढा मोठा प्राणी अर्ध्या दिवसाच्या फेरीत भेटू शकतो. तासाभरात उडणारे मासे पाण्यावरून तरंगत गेले, स्वतःभोवती गिरक्या घेत उसळणाऱ्या स्पिनर डॉल्फिनचा मोठा कळप बोटीसोबत धावला आणि ऑलिव्ह रिडले जातीचे एक कासव डोके वर काढून शांतपणे आमच्याकडे पाहत राहिले. माझ्यासाठी सहल तेवढ्यावरच सार्थकी लागली होती.

मग दूरवर पाण्याचा उंच फवारा उडाला. आमच्या तांडेलाने इंजिन मंद केले आणि वाऱ्यावरून तो उच्छ्वास ट्रकचा एअर ब्रेक सुटावा तसा ऐकू आला. राखाडी-निळी, ठिपक्याठिपक्यांची पाठ सरकत राहिली, सरकतच राहिली आणि कितीतरी वेळाने तिच्या शेवटी चिमुकला पर दिसला.

नावात मासा असला तरी तो आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे. खोल बुडीनंतर तो वर येतो आणि पुढच्या बुडीपूर्वी त्याला अनेकदा श्वास घ्यावा लागतो. त्याच वेळी चार-पाच बोटी वेगाने येऊन त्याच्या वाटेत आडव्या झाल्या आणि दुसऱ्याच फवाऱ्यानंतर तो खाली गेला. शंभर मीटर अंतर राखण्याचा नियम श्रीलंकेत 2012 पासून आहे. भाऊ हळूच म्हणाला, "ताई, हे तर आपल्या जंगलातल्या पाणवठ्यासारखंच झालं गं."

त्याचे म्हणणे मला पटले. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली आणि त्याची चित्रफीत पसरली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. समुद्रात तशी चित्रफीत क्वचितच बाहेर येते. शिवाय मिरिसाजवळच्या याच समुद्रातून जगातील अत्यंत गजबजलेला जहाजमार्ग जातो आणि मालवाहू जहाजांची धडक हा या देवमाशांना असलेला मोठा धोका आहे. 2022 मध्ये एमएससी या जहाज कंपनीने आपली जहाजे सुमारे 15 सागरी मैल दक्षिणेकडून नेण्याचे ठरवले, हे मला फार मोलाचे वाटते. एवढी अजस्र जहाजे वाट बदलू शकतात, तर पर्यटकांच्या बोटीला शंभर मीटर दूर थांबणे जड जाऊ नये.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. आपल्यापैकी जे जातील त्यांनी पैसे भरण्यापूर्वी बोटवाल्याला "नक्की दाखवाल का?" असे न विचारता "किती अंतरावर थांबता?" असे विचारावे आणि "अजून जवळ घ्या" असे म्हणून बक्षिशी पुढे करू नये. बोटवाल्याचे पोट पर्यटकांवर असते, त्यामुळे आपण जे मागू तेच तो देणार.

इतर बोटी निघून गेल्यावर आमचा तांडेल इंजिन बंद करून थांबला. देवमासा जेथे बुडाला होता तेथे लाटांमध्ये पाण्याचे एक गुळगुळीत, तेलकट दिसणारे वर्तुळ उरले होते आणि ते विरेपर्यंत बोटीवर कोणी बोलले नाही.