छाती उघडायची नाही म्हणून ऑपरेशन लांबवायचं?

माझ्या भाचीच्या तान्ह्या बाळाच्या हृदयात खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र आहे. ऑपरेशनची तारीख मिळाली आणि पाठोपाठ हा फिरता मेसेज: ‘लहान मुलांची सगळी हृदयाची ऑपरेशनं आता छाती न उघडता होतात. डॉक्टर छाती उघडायची म्हणाले तर नकार द्या, मूल मोठं होऊ द्या. छोट्या चिरेला मशीन लागत नाही. छत्री बसवू नका, आत गंजते.’ (छत्री म्हणजे छिद्र बुजवायला बसवतात ते छोटं उपकरण.) आता भाची विचारतेय, थांबू का?

अजिबात नाही. छिद्र मोठं असलं की डावीकडचं रक्त जोराने उजवीकडे आणि तिथून फुप्फुसांत घुसतं. बाळ दोन घोट दूध ओढून दमतं, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही. एवढं आईला दिसतं. आत मात्र फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या हा मारा सोसून जाड, कडक होत जातात. एका टप्प्यानंतर त्या सुधारत नाहीत, रक्त उलटं वाहू लागतं, ओठ-नखं निळी पडतात. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीची प्रौढांसाठीची २०१८ची मार्गदर्शक तत्त्वं सरळ सांगतात: फुप्फुसांतला दाब शरीरातल्या दाबाच्या दोन तृतीयांशावर गेला असेल, तर असं छिद्र बंद करू नये. वाट बघत तिथवर पोचलेल्याला मग कुठल्या चिरेचं ऑपरेशन देणार, हे मेसेजवाल्याने सांगावं.

छोटी छिद्रं बऱ्याचदा आपोआप बुजतात, हे मान्य. वरच्या कप्प्यांमधलं छिद्र जांघेतल्या शिरेतून छत्री नेऊन बंद करतात आणि त्यासाठी मूल तीन-चार वर्षांचं होईपर्यंत थांबतात, हेही मान्य. पण तिथेही छत्रीला धरायला भोवती पुरेशी कडा लागते. आणि हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य धमन्यांची अदलाबदल झालेल्या बाळाचं काय? त्याची छाती पहिल्या काही आठवड्यांतच उघडावी लागते.

गंजण्याचं म्हणाल तर छत्री निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते आणि काही महिन्यांत तिच्यावर शरीराचाच पापुद्रा चढतो. निकेलची ॲलर्जी असेल तर आधी सांगायची.

राहिली छोटी चीर. काखेखालून चीर देऊन काही छिद्रं बंद करतात. छातीचं हाड कापावं लागत नाही, व्रण हाताआड जातो. पण तेव्हाही हार्ट-लंग मशीन, म्हणजे तेवढ्या वेळापुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र, लावतात, हृदय थांबवतात आणि आतली शिवण तीच असते. आपल्या बाळाला हे जमेल का, सर्जनना जरूर विचारा. नाही म्हणाले तर इको (हृदयाची सोनोग्राफी) समोर ठेवून कारण समजून घ्या. तारीख मात्र सोडू नका.