प्लायवूडची शीट कोणत्या हौद्यात मावते?

गेले काही आठवडे इंदूरमधल्या फर्निचर आणि बांधकामाच्या ठेकेदारांमध्ये मोबाइलवरून एक मजकूर फिरतो आहे. मोठ्या पिकअपमध्ये छोट्या मालवाहू गाडीपेक्षा अधिक काम होते, अमेरिकेतल्या कारागिरांनी अनुभवातूनच मोठी गाडी पसंत केली, मोठी गाडी अधिक सुरक्षित असते आणि छोटा हाथी (टाटा एस) ही गरीब देशाने नाइलाजाने केलेली तडजोड आहे, अशी चार विधाने त्यात आहेत. माझ्या पुतण्याने तो वाचून आमची छोटी गाडी विकण्याचा आणि दुहेरी केबिनची पिकअप कर्जावर घेण्याचा विचार घरात मांडला. आज सराफ्यापासून पिपल्याहान्यापर्यंत माल पोहोचवणाऱ्या अनेक तरुण मुलांच्या मनात हाच विचार घोळत असल्याचे मला दिसते आहे, त्यामुळे हे उत्तर त्याच्यापुरते न ठेवता लिहून काढतो.

कामाच्या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. आमच्या धंद्यातले मूळ माप म्हणजे आठ बाय चार फुटांची शीट, अर्थात 2440 बाय 1220 मिलिमीटर. 2005 साली बाजारात आलेल्या टाटा एसची लांबी 3.8 मीटर असून तिचा हौदा साधारण 2200 बाय 1490 मिलिमीटरचा आहे. शीट त्यात सपाट पडते आणि मागचा फाळका उघडला की वीतभरच बाहेर राहते. 19 मिलिमीटरच्या एका शीटचे वजन 35 ते 40 किलो धरले, तर एसच्या 750 किलोंच्या क्षमतेत एका खेपेला वीसेक शीट रीतसर जातात.

आता टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस या दुहेरी केबिनच्या पिकअप पाहा. या गाड्या सव्वापाच मीटरांहून लांब आहेत, म्हणजे एसपेक्षा जवळपास दीड मीटरने मोठ्या. तरीही त्यांचा हौदा दीड मीटरच्या आसपासच आहे आणि मागच्या चाकांवरच्या दोन कमानींमधले अंतर चार फुटांहून कमी असल्यामुळे शीट हौद्याच्या तळावर सपाट बसतच नाही. ती कमानींवर टेकवावी लागते आणि तीन फूट मागे लोंबत राहते. वाढलेली लांबी गेली कुठे, तर पुढच्या लांब बॉनेटमध्ये आणि मागच्या आसनांमध्ये. कुटुंबासाठी ती आसने सोयीची असतील, पण मालाच्या दृष्टीने ती जागा वजा झालेली असते. शिवाय हायलक्सच्या किमतीत चार-पाच छोट्या गाड्या येतात, आणि हप्ता तर पावसाळ्यात काम मंदावल्यावरही भरावा लागतो.

अमेरिकेत सर्रास दिसणाऱ्या चार दारांच्या फोर्ड एफ-150 चेही असेच आहे. गाडी सुमारे 5.9 मीटर लांब, आणि तिच्या नेहमीच्या आवृत्तीतला हौदा साडेपाच फुटांचा, म्हणजे सुमारे 1.7 मीटरचा. जपानमधला केई ट्रक नावाचा छोटा मालवाहू ट्रक संपूर्ण मिळून 3.4 मीटरचा असतो, तरी त्याचा हौदा 1.9 मीटरहून लांब असतो आणि त्याचे फाळके तिन्ही बाजूंनी उघडतात. यात दुसरी बाजूही आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे: केई ट्रकची क्षमता 350 किलोंची, तर एफ-150 त्याहून बरेच अधिक वजन उचलते आणि कित्येक टनांचा ट्रेलर ओढते. ज्याला रोज घोड्यांचा किंवा यंत्रसामग्रीचा ट्रेलर न्यायचा आहे, त्याच्यासाठी ती गाडी योग्य आहे. पण आमच्याकडे वजन वाढले की त्यासाठी नऊ फुटांच्या हौद्याची आणि 1.7 टनांपर्यंत माल नेणारी एकेरी केबिनची बोलेरो पिकअप आहे. तिची लांबी मालासाठी खर्च झालेली आहे.

अमेरिकन कारागिरांनी मोठी गाडी अनुभवातून निवडली, हे विधान अर्धेच खरे आहे. प्रशस्त केबिन अनेकांना मनापासून आवडते, यात शंका नाही. परंतु ज्या बाजारात त्यांनी निवड केली, त्याची घडण आधीच झालेली होती. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपीय देशांनी अमेरिकन कोंबडीवर जकात वाढवली, त्याचे प्रत्युत्तर म्हणून अमेरिकेने इतर काही वस्तूंबरोबर आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर 25 टक्के जकात बसवली. ती 1964 पासून लागू झाली. बाकीच्या वस्तूंवरची पुढे उठली, ट्रकवरची राहिली. परदेशी छोट्या ट्रकची वाट त्यामुळे अरुंद झाली. पुढे 2011 च्या मॉडेलांपासून इंधनक्षमतेचे लक्ष्य गाडीच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळावरून ठरू लागले, म्हणजे गाडी जितकी रुंद-लांब, तितके तिच्यासाठीचे लक्ष्य सौम्य. अशा परिस्थितीत छोटा ट्रक तयार करण्यात कारखानदाराला रस उरत नाही. इतके असूनही 25 वर्षे जुने झालेले जपानी केई ट्रक आयात करून तिथले शेतकरी ते शेतावर वापरतात. खुली निवड सगळीकडे मोठ्या गाडीकडेच जाते असे म्हणणाऱ्याने या शेतकऱ्यांचा विचार केलेला दिसत नाही.

सुरक्षिततेबाबत एक गोष्ट सरळ कबूल करतो. महामार्गावर समोरासमोर टक्कर झाली, तर एसच्या चालकाच्या गुडघ्यांपुढे पत्र्याखेरीज फारसे काही नसते, आणि रोज मुंबई-आग्रा रस्त्यावर लांबचे भाडे मारणाऱ्याने हा विचार केलाच पाहिजे. पण मजकुरात सुरक्षितता फक्त आत बसलेल्यांचीच मोजली आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 40 इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांची धडक ही 30 इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या धडकेपेक्षा पादचाऱ्यासाठी सुमारे 45 टक्के अधिक प्राणघातक ठरण्याची शक्यता आढळली. 40 इंच म्हणजे चार वर्षांच्या मुलाची उंची. शितलामाता बाजारात किंवा मल्हारगंजच्या गल्लीत, जिथे ओट्यावरून मूल थेट रस्त्यावर उतरते, तिथे चालकाला चाकापुढची जमीन दिसणे ही सुरक्षिततेची पहिली अट आहे, आणि बॉनेट नसलेल्या छोट्या गाडीत ती पुरी होते. एस 4.3 मीटर त्रिज्येत वळते. सव्वापाच मीटरांची पिकअप तिथे पुढे-मागे करत राहते, आणि तिच्या मागे कोण उभे आहे ते चालकाला सहज कळत नाही.

राहिला गरिबीचा मुद्दा. जपान गरीब देश नाही, आणि 660 सीसी इंजिनाचे, 1.48 मीटर रुंदीचे हे ट्रक तिथे शेतकरी, गवंडी, मासेविक्रेते आजही वापरतात. दूर कशाला, आपल्याच गावात पाहा. 2017 पासून सलग अनेक वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर देशात पहिले आले, ते रोज सकाळी दारोदार फिरणाऱ्या, ओला-सुका कचरा वेगळा ठेवणाऱ्या छोट्या गाड्यांच्या बळावर. मोठा ट्रक त्या गल्ल्यांत शिरलाच नसता, आणि कचरा कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत नेण्याचे काम पुन्हा घरच्या बायांवर आले असते.

पुतण्याला मी एवढेच सांगितले की सौदा करण्याआधी मीटर टेप घेऊन शोरूममध्ये जा, दोन्ही कमानींमधले अंतर आणि केबिनपासून फाळक्यापर्यंतची लांबी स्वतः मोज, आणि गेल्या तीन महिन्यांच्या चलनांची वही काढून कोणत्या दिवशी कोणता माल किती वजनाचा होता ते त्या मापांशी ताडून पाहा. वही त्याने काढली आहे. पहिल्या महिन्यात 750 किलोंच्या वर गेलेली खेप त्याला एकच सापडली, आणि त्या दिवशी आम्ही बोलेरो भाड्याने घेतली होती.