जुन्या मालकाचा जादा पाटा

ट्रकवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या पाट्यांबद्दल, म्हणजे एक्सलवर गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या थरांबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘जुना ट्रक घेतलात आणि पाट्यांत काही वेगळं दिसलं तर हात लावू नका, आधीच्या मालकानं ते अनुभवातून केलंय. जादा पाटा म्हणजे जादा ताकद. कलती गाडी सरळ होते. तुटलेला पाटा वेल्डिंगनं नव्यासारखा होतो.’ मलाही तो तिघांनी पाठवला, कारण आमच्याकडं टाटाची जुनी १६१३ आहे आणि तिच्या पाट्यांत ‘वेगळं’ बरंच होतं.

अनुभव खरा, पण कशाचा? आधीचा मालक हंगामात ऊस ओढायचा. आम्ही सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचे गठ्ठे भरतो. हौदा वरपर्यंत भरतो, काट्यावर मात्र वजन येत नाही. उसासाठी कडक केलेले पाटे गठ्ठ्यांखाली वाकतच नव्हते. रिकामी येताना मागची चाकं खड्ड्यावरून उडायची, आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लागून काय उपयोग!

आता ताकद. पाटा वाढला म्हणून एक्सल, टायर, ब्रेक, चासी वाढत नाही. पाट्यानं खायचा धक्का मग हँगरच्या, म्हणजे पाटा चासीला जोडणाऱ्या भागाच्या, रिबिटांवर जातो. आमच्या चासीला नेमकी तिथंच केसासारखी चीर निघाली. मर्यादा आरसीवरच्या आकड्यानं ठरते, पाटे मोजून नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २० हजार दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार.

त्यात तो जादा पाटा दुसऱ्या गाडीचा. बाकीचे १० मिलिमीटर जाडीचे, हा १२. फरक दोनच मिलिमीटरचा वाटतो, पण कडकपणा जाडीच्या घनानं वाढतो, म्हणजे एवढ्यानं हा पाटा शेजारच्यापेक्षा पाऊणपट जास्त कडक. सगळे सारखेच वाकतात तेव्हा सर्वांत जास्त ताण जाड पाट्यालाच बसतो. म्हणून ‘दणकट’ पाटाच आधी तुटतो. हे गिऱ्हाइकाला पटवता पटवता मिस्त्री दमतात.

कलण्याचं सांगतो. आपण डावीकडून चालतो, रस्त्याचा उतार डाव्या कडेला असतो, त्यामुळं डावे पाटे आधी बसतात. कधी कारण याहून साधं असतं: पाट्याच्या टोकाच्या भोकातला झिजलेला बुश, तुटका पाटा. आमच्या गाडीत डावीकडं जादा पाटा टाकून शिवाय एक्सलवर बाभळीचा ठोकळा बसवला होता. उभी असताना गाडी एकदम सरळ. पण लाकूड दबतं, सुकतं, पाटे एक्सलला आवळणारा यू-बोल्ट ढिला पडतो, सगळा भार पाट्यांच्या मधोमध असलेल्या सेंटर बोल्टवर येतो आणि तो कातरला की एक्सल मागं सरकतो.

वेल्डिंगवर जास्त बोलण्यासारखं नाही. पाट्याचं पोलाद पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून, तयार केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेनं ते पाणी बिघडतं आणि पुढचा तुकडा जोडाच्या बाजूलाच पडतो.

आम्ही दोन्ही बाजूंचे पाटे उतरवले, एकाच मापाचे जोडीनं भरले, बुश बदलले, चिरेला हँगरपाशी प्लेट मारली. ठोकळा चुलीत गेला. एक्सल चासीवर आदळू नये म्हणून असतात ती रबरं मात्र आधीच्या मालकानं नवी, चांगली बसवली होती. ती ठेवली.