सामान आपले, गाडी किरायाची आणि संशय चालकावर

आज दुपारी दौलताबादहून वेरूळकडे जाताना रस्त्याच्या कडेला, पेरूच्या गाड्यांपासून थोड्या अंतरावर गर्दी दिसली म्हणून मी थांबले. पुण्याकडून फिरायला आलेले एक कुटुंब होते. पती, पत्नी, दोन लेकरे आणि सोबत आजी. जेवणासाठी ते एका खानावळीत उतरले होते आणि पाऊण तासाने बाहेर येऊन पाहतात, तर किरायाने घेतलेल्या गाडीच्या मागच्या बाजूची छोटी काच फुटलेली आणि सीटवर ठेवलेली बॅग गायब. बॅगेत लॅपटॉप होता, आजींची कर्णफुले होती आणि घरातल्या सगळ्यांची मूळ आधार कार्डे होती. काचेचे साखरेच्या खड्यांसारखे दाणे सीटवर आणि लेकरांच्या चपलांवर पसरलेले होते. इतके सगळे डोळ्यांसमोर असताना त्या गृहस्थांनी पहिले काम कोणते केले असेल, तर चालकाची कॉलर धरली. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता तो. त्याच खानावळीत कोपऱ्यातल्या टेबलावर बसून जेवत होता आणि आरडाओरडा ऐकून तसाच उठून बाहेर आला होता. त्याचा उजवा हात वरणभाताने माखलेला होता आणि समोरच्याच्या शर्टाला लागू नये म्हणून तो हात त्याने अंगापासून दूर धरून ठेवला होता.

गर्दीतला एक जण म्हणाला, "यांची आतून साखळी असते." दुसरा म्हणाला, "खिसे तपासा आधी त्याचे." अख्खी लॅपटॉपची बॅग त्या पोराच्या खिशात मावणार होती काय? मी मोठ्याने बोलले, नको तितक्या मोठ्याने बोलले, आणि आता रात्रीचे दहा वाजून गेले तरी माझा राग उतरलेला नाही. कारण हे दृश्य मी पूर्वी एकदा पाहिले आहे, आणि त्या वेळी कॉलर धरणाऱ्यांच्या बाजूला आमचेच घर उभे होते.

२०१२ सालचा डिसेंबर. आम्ही लातूरहून एक तवेरा किरायाने करून सोलापूर, कोल्हापूर करत गोव्याला गेलो होतो. गाडीचे चालक पन्नाशीचे होते आणि आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी एका किनाऱ्यावरून गाडीकडे परत आलो, तेव्हा सीटखाली ठेवलेली आईची पर्स नव्हती. त्यात रोख अकरा हजार रुपये होते आणि आजीने आईला दिलेली बोरमाळ होती. कोणी काही म्हणण्याआधी सगळ्यांच्या नजरा मामांकडे गेल्या. मामांना ते कळले. त्यांनी पुढच्या सीटखालची आपली रेक्झिनची पिशवी काढली, वाळूवर उकिडवे बसले आणि पिशवी उलटी केली. एक सदरा, एक पंचा, कंगवा, तुळजाभवानीचा छोटा फोटो, कागदात बांधलेले शेंगदाणे आणि नातीसाठी घेतलेली शिंपल्यांची माळ. "बघून घ्या मालक," ते माझ्या वडिलांना म्हणाले, "समदं बघून घ्या." आणि आमच्यापैकी एकानेही "अहो मामा, उचला ते" असे म्हटले नाही. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, शिकलेली होते, आणि मीही म्हटले नाही.

सुटीवर निघालेला माणूस किरायाच्या गाडीला दोन-तीन दिवसांत आपले घर समजू लागतो. चपला, चिवड्याचे डबे, ओले टॉवेल, औषधे, पर्स, चार्जर, दागिन्यांची डबी, सगळे त्या गाडीत पसरते. घराला निदान कुलूप, शेजारी आणि कडी असते. गाडीला चारी बाजूंनी काचा असतात, आणि फोडायची ठरवली तर काच फोडायला काही क्षण पुरतात. या पेटीला आपण तिजोरी मानतो, तिच्यात बोरमाळ ठेवतो आणि बोरमाळ गेली की बारा-पंधरा तास गाडी चालवून थकलेल्या माणसाला आरोपी करतो. आपल्या वस्तूंची काळजी आपण घ्यायची, हे इतक्या आग्रहाने मी सांगते आहे ते केवळ वस्तूंसाठी नाही. आपल्या निष्काळजीपणाची किंमत त्या गाडीतला सर्वांत गरीब माणूस मोजतो, आणि हे मी स्वतः पाहिलेले आहे.

आपल्याच भागातले उदाहरण घ्या. घृष्णेश्वराच्या मंदिरात मोबाइल नेता येत नाही आणि गाभाऱ्यात जाताना पुरुषांना सदरा, बनियन उतरवावे लागते. म्हणून पुष्कळ कुटुंबे पाकिटे, मोबाइल, घड्याळे अशी सगळी चीजवस्तू गाडीत टाकून रांगेला लागतात. तेही कसे, तर गाडीचे दार उघडे ठेवून, उभ्या-उभ्या, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दाखवत. त्यापेक्षा घरातल्या एकाने बाहेर थांबावे, बाकीच्यांनी दर्शन घ्यावे आणि मग अदलाबदल करावी. अर्धा तास जास्त जाईल, जाऊ द्या. अजिंठ्याची गोष्ट याहून अवघड आहे. तिथे फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी लावून पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते, आणि लेणी नीट पाहायची तर तीन-चार तास गाडी नजरेआड राहते. आपले लोक काय करतात? सकाळी संभाजीनगरची लॉज सोडतात, सगळे सामान गाडीत भरतात, अजिंठा पाहतात आणि तिथून परस्पर जळगावला रेल्वे गाठतात. म्हणजे त्या तीन-चार तासांत घरातून आणलेली प्रत्येक मौल्यवान वस्तू एका बंद गाडीत असते. असाच बेत असेल तर मोठ्या बॅगांत केवळ कपडे ठेवावेत आणि पैसे, दागिने, कागदपत्रे एका छोट्या पिशवीत घालून ती पिशवी खांद्याला लावूनच लेणी चढावीत. सुटीला दागिने मुळात न्यावेतच कशाला, हे मी आईला आजवर पटवू शकलेले नाही. ती म्हणते, घरी ठेवले तर घर फोडतात. तिचेही चूक नाही.

आणि सामान डिक्कीत ठेवायचे असेल तर ते निघतानाच ठेवावे. मुक्कामी पोचल्यावर, वाहनतळावर उभे राहून मागच्या सीटवरची बॅग डिक्कीत हलवणे म्हणजे पाहणाऱ्याला पत्ता सांगणे होय. स्वतः चालवण्यासाठी जी गाडी किरायाने मिळते, तिची पाटी काळी आणि त्यावरची अक्षरे पिवळी असतात. चालकासह मिळणाऱ्या गाडीची पाटी पिवळी असते. शिवाय एमएच २४ किंवा एमएच १२ ही अक्षरे परक्या गावात लगेच उठून दिसतात. ही गाडी पाहुण्यांची आहे, आत बॅगा असणार आणि हे लोक उद्या परवा निघून जाणार, हे चोराला पाटीवरूनच समजते. काही चालक बेइमान निघतात, हेही मान्य. पण ज्यांनी ज्यांनी हे वाक्य आज मला रस्त्यावर ऐकवले, त्यांच्यापैकी एकानेही बॅग सीटवर उघडी कशी राहिली हा प्रश्न विचारला नाही.

मामांकडे परत येते, कारण त्या दिवशीची खरी गोष्ट अजून सांगितलेली नाही. मामा गाडी सोडून जायलाच तयार नव्हते. "सामान आहे आत, मी बसतो इथं," असे ते दोनदा म्हणाले होते. माझ्या वडिलांनीच आग्रह धरला. "मामा, चला की, एवढ्या लांब येऊन समुद्र पाहायचा नाही का?" मामांनी त्या दिवसापर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. पाण्यात ते घोट्यापर्यंतच गेले, ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी ते जिभेला लावून पाहिले आणि लहान मुलासारखे हसले. दहा-बारा मिनिटे ते तिथे असतील. आणि गाडीची काच फुटलेली नव्हती, म्हणून तर संशय त्यांच्यावर गेला. किल्ली त्यांच्याकडे, दार शाबूत, मग दुसरे कोण? काच कशी उघडी राहिली हे मला ठाऊक होते. माझा ओला टॉवेल वाळावा म्हणून मीच मागची काच चार बोटे खाली केली होती आणि टॉवेल त्यात अडकवला होता. तेवढ्या फटीतून हात आत घालून खिटी वर करता येते. मामा वाळूवर बसून शेंगदाण्याची पुडी परत पिशवीत भरत होते तेव्हा मला तो टॉवेल आठवला आणि मी गप्प राहिले. घरी पोचल्यावर, चार दिवसांनी, आईला सांगितले. मामांना कधीच सांगितले नाही.

हे लिहिताना मघाचा राग थोडा खाली बसला आहे. त्या पुण्याच्या गृहस्थांनाही मी फार बोलले. घाबरलेला माणूस जवळच्या माणसाचीच कॉलर धरतो.

नंतर मी त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात गेले, कारण तक्रार करायची की नाही यावरच त्यांची चर्चा चालली होती. ही चर्चा करूच नका. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात त्याची खबर देता येते. "आमची हद्द नाही" हे उत्तर ऐकून परतायचे कारण नाही. प्रवासी वाहनातून वस्तू चोरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खालचा गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मोबाइल गेला असेल तर तक्रारीची प्रत घेऊन संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तो बंद करता येतो, पण त्यासाठी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. म्हणून घरातल्या प्रत्येकाने आजच फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून तो क्रमांक वहीत उतरवून ठेवावा, आणि ती वही प्रवासात नेऊ नये. मूळ आधार कार्ड, मूळ लायसन्स घेऊन फिरण्याची गरज आता राहिलेली नाही. डिजिलॉकरमधले लायसन्स रस्त्यावर चालते. आजींना आज सर्वांत जास्त काळजी कर्णफुलांपेक्षा आधार कार्डांची होती, हे पाहून मला फार वाईट वाटले.

गाडीचा विमा आहे, मग सामान भरून मिळेल, असेही अनेकांना वाटते. नेहमीचा विमा गाडीचा असतो, गाडीतल्या तुमच्या पर्सचा नसतो. त्यासाठी वेगळे कलम पैसे भरून घ्यावे लागते आणि किरायाच्या गाडीला मालक ते कशाला घेईल? वाहनतळाच्या पावतीवर तर "वाहन मालकाच्या जबाबदारीवर" असे ठळक छापलेलेच असते. पैसे घ्यायचे आणि जबाबदारी झटकायची, याची मला मनस्वी चीड आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हॉटेलच्या प्रकरणात सांगितले आहे की, पाहुण्याची गाडी किल्लीसह ताब्यात घेतल्यानंतर हॉटेलला स्वतःचा निष्काळजीपणा अशा छापील वाक्यामागे लपवता येत नाही. पण तो वाद गाडीच्या चोरीचा होता. मोकळ्या पटांगणात दहा-वीस रुपयांची पावती फाडून लावलेल्या गाडीतल्या पिशवीसाठी कोण किती वर्षे भांडणार? पावती मात्र जपून ठेवावी. गाडी कुठे आणि केव्हा लावली होती, याचा तेवढा तरी पुरावा हातात राहतो.

गोव्याहून परतताना मामांनी आमच्यासोबत जेवण घेतले नाही. आम्ही ढाब्यावर उतरलो की ते गाडीतच बसून राहत. आई दोनदा ताट घेऊन गेली, दोन्ही वेळा त्यांनी हात जोडले. लातूरला घरासमोर सामान उतरवून दिल्यावर त्यांनी गाडीची चारही दारे, डिक्की आणि पुढचा कप्पा उघडून ठेवला आणि वडील येऊन पाहून जाईपर्यंत ते बाजूला उभे राहिले. वडिलांनी पाहिले नाही. मान खाली घालून भाड्याचे पैसे दिले. पुढच्या वर्षी पंढरपूरला जाण्यासाठी त्याच मालकाकडे गाडी मागितली, तेव्हा दुसरेच चालक आले.

आज पोलीस ठाण्यातले काम संपायला सहा वाजले. गृहस्थांनी त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, "चुकलं माझं" म्हणाले, आणि हे त्यांनी सर्वांसमोर म्हटले, हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे. मुलगा काही बोलला नाही. ते सगळे चहाला गेल्यावर तो गाडीत वाकून सीटवरचे काचेचे दाणे जुन्या वर्तमानपत्रात गोळा करत होता. मला पाहून म्हणाला, "ताई, काच टाकायचे पैसे मालक माझ्याच पगारातून कापतील." गाडीचा विमा सर्वसमावेशक असेल तर काच त्यात बसते आणि आता तक्रारीची प्रतही हातात आहे, पण हे मालकाला सांगण्याचे धाडस त्या मुलात नाही. मी मालकाचा नंबर घेऊन ठेवला आहे. उद्या सकाळी नऊ वाजता त्यांना फोन करणार आहे.