सगळे चोर मेले, मग गोळ्या कोण झाडतंय?

काल झोप येईना म्हणून युट्युबवर 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' परत बघितला. १९०३ चा मूकपट, जेमतेम बारा मिनिटांचा. दरोडेखोर तार ऑफिसात घुसून तारमास्तरला बांधतात, गाडी लुटतात, घोड्यांवरून पळतात आणि शेवटी पाठलाग करणारे रानात गाठून त्या सगळ्यांना गोळ्या घालतात, एकही उरत नाही. संपलं? छे! लगेच दरोडेखोरांचा म्होरक्या पडदाभर येतो आणि थेट आपल्यावर पिस्तूल झाडतो. अरे बाबा तू आत्ताच मेलास ना!

मजा म्हणजे सिनेमा काढणाऱ्या एडिसन कंपनीच्या कॅटलॉगातच लिहिलेलं, हा शॉट सुरुवातीला लावा नाहीतर शेवटी, तुमची मर्जी. लोक याला थोर कलात्मक वगैरे म्हणतात, मला हा चक्क धंदा वाटतो, आणि मी हे कौतुकानेच म्हणतोय. दिग्दर्शक एडविन पोर्टर आधी स्वतः प्रोजेक्टर चालवायचा, पब्लिक कुठे दचकतं ते त्याने अंधारात उभं राहून बघितलेलं. चोरांना शिक्षा झाली पाहिजे हे बरोबर, पण तिकीट काढून माणूस येतो तो चोर बघायला. पाठलाग करणाऱ्यांपैकी एकाचा तरी चेहरा आठवतो का? मला नाही आठवत.

माझा लाडका शॉट मात्र वेगळाच, तार ऑफिसची खिडकी. ऑफिस म्हणजे न्यूयॉर्कच्या स्टुडिओतला सेट, पण खिडकीतून खरीखुरी गाडी येताना दिसते! खिडकीचा भाग झाकून आधी आतला सीन घ्यायचा, मग फिल्म मागे गुंडाळून बाकीचं झाकायचं आणि फक्त खिडकीच्या जागी गाडी उमटवायची. कॉम्प्युटर सोडा, एक हात चुकला तर पहिला सीनही गेला. स्फोटाचा धूर तर काही प्रिंटवर हाताने रंगवलाय, एकेक फ्रेम.

आणि यातला तो नट अँडरसन! यात दोन-तीन कामं केलीत त्याने, घोड्यावर बसायची मात्र बोंब. हाच पुढे ब्राँको बिली नावाने पडद्यावरचा पहिला मोठा काउबॉय स्टार झाला, घ्या!

हां, चालत्या गाडीवरून एकाला खाली फेकतात तिथे माणसाच्या जागी बाहुला आहे. मी तीनदा मागे नेऊन बघितलं. तिसऱ्यांदा अदलाबदल पकडली.