पास आहे, पण पायरीचे काय?

ज्येष्ठ नागरिकांच्या प्रवासाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा तिकिटाच्या सवलतीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. सवलत हवीच. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. पुण्याच्या पीएमपी या शहर बससेवेतही ज्येष्ठांना सवलतीचा मासिक पास मिळतो. परंतु ज्याचे गुडघे साथ देत नाहीत, त्याला हातात पास असूनही बसमध्ये चढता येत नसेल, तर त्या सवलतीचा उपयोग काय?

लो-फ्लोअर बसचा तळ जमिनीपासून साधारण 40 सेंटिमीटर उंच असतो. पदपथाची कड 15 सेंटिमीटर धरली, तर पदपथाला खेटून थांबलेल्या बसमध्ये चढताना पाऊल जेमतेम 25 सेंटिमीटर उचलावे लागते. तीच बस थांब्यापासून चार हात दूर, भर रस्त्यात उभी राहिली, की आधी पदपथावरून खाली उतरायचे आणि मग पूर्ण 40 सेंटिमीटर चढायचे, तेही मागून येणाऱ्या दुचाकी चुकवत. चालकाला दोष देणे सोपे आहे. पण थांब्यासमोर रिक्षा आणि मोटारी उभ्या असताना त्याने बस न्यावी तरी कुठे? हे पार्किंग हटवण्याचे काम वाहतूक पोलीस आणि महापालिकेचे आहे, बोलणी मात्र वाहकाला खावी लागतात.

मेट्रोची स्थिती याबाबत बरी आहे. सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या मंडई आणि स्वारगेटच्या भुयारी स्थानकांत लिफ्ट आहेत. प्रश्न आहे तो घरापासून त्या लिफ्टपर्यंत पोहोचण्याचा. मध्यवर्ती पेठांसाठी दहा रुपयांत दिवसभर प्रवासाची ‘पुण्यदशम’ ही लहान बससेवा 2021 मध्ये सुरू झाली, ती कल्पना मला आजही योग्य वाटते. तशा बसची खरी गरज पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहतीसारख्या ठिकाणी आहे, जिथे म्हाताऱ्या माणसांना चढ चढवत नाही आणि धुणीभांडी करणाऱ्या बायकांना सकाळी लवकर कामावर पोहोचायचे असते.

दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यातील कलम 41 बसथांबे सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकते. शहरभरच्या थांब्यांचा आराखडा होईल तेव्हा होवो. तोवर निदान ससून आणि इतर मोठ्या रुग्णालयांसमोरचे थांबे वाहनमुक्त ठेवावेत आणि बस कडेला लागते की नाही, हे पाहण्यासाठी गर्दीच्या वेळी तिथे एक माणूस नेमावा.