सेटअप अडलाय? मग काहीही वाचू नका

डाउनलोड केलेल्या सेटअपवर डबलक्लिक केलं आणि काहीच झालं नाही, तर घाबरून जाऊ नका. पुन्हा डबलक्लिक करा. तरी नाही? मग आणखी दोनतीनदा, जरा जोरात. माउसला राग कळतो. कर्सरशेजारचं निळं कडं क्षणभर फिरून विझतं, तेवढ्यात खुर्चीत मागे रेलून "हां, आता होतंय" म्हणायचं. तिकडे पडद्याआड पहिलाच सेटअप निवांत फायली सोडवत बसलेला असतो, आणि विंडोजचा इन्स्टॉलर एका वेळी एकच काम हातात घेतो. त्यामुळे थोड्या वेळाने 1618 क्रमांकाची तक्रार येते: आधीच दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे. हे दुसरं कोणी चालू केलं, याची चौकशी करू नका. टास्क मॅनेजर उघडून एकाखाली एक उभे असलेले सेटअप मोजत बसण्यातही अर्थ नाही. थेट भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करा.

संदेशाची खिडकी उघडलीच, तर मात्र चपळाई हवी. मजकूर डोळ्यांत शिरण्याआधी 'ओके' दाबलं गेलं पाहिजे. मग भाच्याला फोन लावा. तो हिंजवडीत कुठल्याशा बँकेसाठी जावा या भाषेत प्रोग्रॅम लिहितो, म्हणजे त्याला प्रिंटरपासून पेनड्राइव्हपर्यंत सगळं आलंच पाहिजे.

"मामा, काय लिहून येतंय?"

"एरर येतोय रे."

"कसला एरर?"

"इंग्लिशमध्ये आहे."

"अहो, मग वाचा ना!"

"गेला तो. ओके केलं मी."

भाचा चिकट निघाला आणि "पुन्हा करून फोटो पाठवा" म्हणाला, तर फोटो तिरका काढा. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बरोबर एरर क्रमांकावर यायला हवं. साध्या संदेश-खिडकीवर कंट्रोल आणि सी एकत्र दाबलं की सगळा मजकूर कॉपी होतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जसाच्या तसा चिकटवता येतो, ही माहिती शक्यतो गुप्तच ठेवा. मामा-भाच्याचं बोलणंच खुंटायचं.

सेटअप आणलात कुठून, हा प्रश्न कोणी विचारला तर अपमान समजा. कंपनीच्या साइटवर जाणं हे साध्या माणसांचं काम. आपण शोधात वर आलेल्या जाहिरातीतलं सगळ्यात मोठं हिरवं बटण दाबायचं. साइटवर दोनशे एमबी लिहिलंय आणि आपल्याकडे चौदाच एमबी उतरलेत, तर आनंद माना, डेटा वाचला. फाइल झिपमध्ये असेल तर ती बाहेर काढायची तसदी घेऊ नका, झिपच्या आत शिरून तिथूनच सेटअप चालवा. मग विंडोज तेवढी एकच फाइल तात्पुरत्या फोल्डरात नेते, तिच्या सोबतच्या फायली झिपमध्येच राहतात, आणि सेटअप 'अमुक फाइल सापडत नाही' म्हणत बसतो. शेजारच्या 'एक्स्ट्रॅक्ट ऑल'कडे बघूही नका.

क्रॅक केलेली आवृत्ती असेल तर सोबतच्या वाचा-मला फाइलमध्ये पहिलीच सूचना असते, 'आधी अँटिव्हायरस बंद करा'. आयुष्यात एवढी एकच सूचना तुम्ही शेवटपर्यंत वाचता आणि तंतोतंत पाळता. चोरानेच फोन करून कुत्रा बांधून ठेवायला सांगावं आणि आपण वर त्याला चहा विचारावा, तशातला हा प्रकार. नंतर ब्राउझर भलत्याच साइटवर उघडायला लागला की दोष विंडोजला द्यायचा.

आता डीएलएलकडे, म्हणजे प्रोग्रॅमांना चालायला लागणाऱ्या जोडफायलींकडे वळू. 'व्हीसीरनटाइम140 डॉट डीएलएल सापडत नाही' असं लिहून आलं, तर त्याचा सरळ अर्थ एवढाच की मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल नावाचं पॅकेज मशीनवर नाही. ते त्यांच्या साइटवर फुकट मिळतं, आणि 64-बिट, म्हणजे नव्या घडणीच्या, विंडोजवर त्याच्या दोन्ही आवृत्त्या टाकून ठेवाव्यात, कारण जुन्या घडणीच्या 32-बिट प्रोग्रॅमला त्याची स्वतःची लागते. पण हे फारच सरळ झालं. तुम्ही कसं, डीएलएल सुट्या विकणाऱ्या एखाद्या साइटवरून तेवढीच एक फाइल आणा आणि विंडोजच्या सिस्टिम32 फोल्डरात टाका. यात एक गंमत आहे. 64-बिट विंडोजमध्ये सिस्टिम32 फोल्डरात 64-बिट फायली राहतात आणि 32-बिट फायली सिसवॉव64 मध्ये. आपल्या घरांच्या नंबरांसारखा हिशोब नव्हे, मागच्या जमान्यातल्या प्रोग्रॅमांनी सिस्टिम32 हा पत्ता पाठ केला होता म्हणून तो बदलला नाही. तुम्ही अर्थातच नाव बघून 32-बिट फाइल सिस्टिम32 मध्येच ठेवणार. मग प्रोग्रॅम 64-बिट असेल तर आधीचा सुबोध इंग्लिश संदेश जाऊन त्याच्या जागी 0xसी000007बी असा आकडा येतो. प्रगती म्हणतात ती हीच.

माळ्यावरची 1990च्या दशकातली कुंडलीची सीडी आठवतेय? तीही लावून बघा. त्या काळच्या कित्येक 32-बिट प्रोग्रॅमांचे सेटअप मात्र 16-बिट असायचे, आणि 16-बिट काही म्हणजे काही 64-बिट विंडोजवर चालत नाही. विंडोज 11 तर 64-बिटमध्येच येते. कम्पॅटिबिलिटीच्या पानावर 'विंडोज 95' असा पर्याय दिसतो, त्याने हे गणित सुटत नाही, पण रविवारची दुपार छान जाते. उलट बाजूने, मशीनवर अजून विंडोज 7 असेल आणि नवा प्रोग्रॅम नको म्हणत असेल, तर ते त्याचे नखरे समजा. मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 लाच तिचा आधार काढला आणि क्रोमही तिच्यावर 109 व्या आवृत्तीला थांबला, या गोष्टी आपल्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत म्हणायचं.

मराठी माणसासाठी एक खास उपाय राखून ठेवलाय. नवीन मशीन घेतल्यावर लोकल अकाउंटचं नाव देवनागरीत ठेवा: 'आबासाहेब'. अभिमानाची गोष्ट आहे, आणि विंडोजची काही हरकत नाही. ती यूजर्स या फोल्डरात आबासाहेब नावाचा फोल्डर करते आणि तात्पुरत्या फायलीही त्याच्याच पोटात ठेवते. एखादा जुना, युनिकोड (सगळ्या लिप्यांना सामावणारी अक्षरांची पद्धत) न कळणारा सेटअप आला की तो फायली सोडवायला तिकडेच जातो. देवनागरी विंडोजमध्ये आली ती विंडोज 2000 पासून, थेट युनिकोडवर. जुन्या पद्धतीची सिस्टिम कोडपेज, म्हणजे जुने प्रोग्रॅम ज्यावरून अक्षरं ओळखतात तो तक्ता, तिच्या वाट्याला कधी आलीच नाही. त्यामुळे सेटअपला आबासाहेबांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग दिसते. आणि प्रश्नचिन्ह तर विंडोजला फोल्डरच्या नावात चालतच नाही! सेटअप बापडा नसलेल्या फोल्डरात फायली ठेवायला जातो आणि 'मार्ग सापडत नाही' म्हणून मान टाकतो. अशा वेळी कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन नाव रोमन लिपीत बदला आणि हात झटका. नाव बदलतं, फोल्डर तोच राहतो. रोमन नावाचं दुसरं अकाउंट उघडून तिथून सेटअप चालवला तर काम बहुधा होऊन जातं, पण मग मराठीवर अन्याय होतो म्हणून तावातावाने बोलायचं कधी?

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीखही बघायची नाही. मशीनचं घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपला की भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केल्यावर (आणि ते तुम्ही मघाशीच केलंत) मशीन 2009 सालात जाऊन बसतं. तिथून बघितलं तर सेटअपवरची डिजिटल सही भविष्यातली, साइटचं प्रमाणपत्र भविष्यातलं, सगळंच संशयास्पद. जो सेटअप उरलेल्या फायली इंटरनेटवरून ओढतो, तो तर जागेवरून हलत नाही. मनगटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडेही हा सेल मिळून जातो. पण इंटरनेटवाल्याला फोन करून झापण्यात जी मजा आहे, ती त्यात नाही.

ऑफिसात असाल तर प्रश्न सोपा आहे. अ‍ॅडमिनचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो गावी गेलाय.

सगळ्यात महत्त्वाचं: लॉगच्या वाटेला जाऊ नका. रनमध्ये टक्के-टेम्प-टक्के असं लिहिलं की तात्पुरता फोल्डर उघडतो आणि बरेच सेटअप आपली रोजनिशी तिथे सोडून गेलेले असतात. 1603 म्हणजे इन्स्टॉलरचं 'तब्येत बरी नाही', त्यातून काहीच कळत नाही. पण एमएसआयच्या, म्हणजे विंडोज इन्स्टॉलरच्या, सविस्तर लॉगमध्ये 'रिटर्न व्हॅल्यू 3' शोधलं तर त्याच्या जरा वर खरं दुखणं लिहिलेलं सापडतं: हा फोल्डर उघडायची परवानगी नाही, ती फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवलीय, नाहीतर सी ड्राइव्हवर जागाच उरलेली नाही. हे एकदा कळलं की पाच मिनिटांत काम आटोपतं, आणि मग कॉम्प्युटरवाल्याने खायचं काय?

तेव्हा त्याला बोलवा. तो खिशातून पेनड्राइव्ह काढतो, मशीनकडे नजर टाकतो आणि दोनच शब्द बोलतो: "फॉरमॅट मारू." लगेच हो म्हणा. बॅकअप घ्यायचाय का, असं तो विचारतो, तेव्हा 'सी ड्राइव्हवर काही नाही, सगळं डेस्कटॉपवर आहे' असं ठामपणे सांगा. तासाभरात मशीन कोरंकरकरीत होतं, लग्नाच्या फोटोंसकट डेस्कटॉपही कोरा होतो, सी ड्राइव्हवर मुबलक जागा होते, आणि सेटअप पहिल्याच डबलक्लिकला उघडतो.

उघडल्याबरोबर पानभर इंग्लिश मजकूर येईल. खाली बारीक चौकट असेल: 'वरील सर्व अटी मी वाचल्या आहेत व मला मान्य आहेत.' तिथे टिक करा.